दुसरा रकाना

४ एप्रिल

ताई,

तीन वर्षांनी पत्र लिहितोय, तेव्हा आधी हे सांगून टाकतो की घरात सगळे धडधाकट आहेत. कुणाला ताप नाही, कुणाला खोकला नाही. पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असणार, म्हणून पहिल्या ओळी त्यातच घालवल्या.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू म्हणणार, बरा आहेस ना, आणि मी म्हणणार, बरा आहे. मग दोघंही एकमेकांना गोळ्यांची नावं सांगून फोन ठेवणार. कागदावर तसं सटकता येत नाही, निदान असा माझा समज आहे.

सगळं शहर टाळेबंदीत घरी बसलंय आणि मी मात्र रोज बाहेर पडतो. गळ्यात पास अडकवलेला असतो. हवा मोजणं अत्यावश्यक सेवेत येतं, हे मलाही नवीनच कळलं. इतकी वर्षं तू लोकांना सांगायचीस, 'आमचा ठोंब्या धूळ मोजतो', आणि लोक हसायचे. आता बघ, डॉक्टर, दूधवाला आणि तुझा ठोंब्या, एवढेच रस्त्यावर.

भावोजींच्या चौकात आठवड्यातून दोनदा जावं लागतं. वाचनालयाच्या गच्चीवरचं यंत्र अजून तेच आहे, पत्र्याचं उतरतं छप्पर असलेली ती पेटी. वर जायची लोखंडी शिडी अजून तशीच हलते. चौक इतका रिकामा मी कधी पाहिला नव्हता. सिग्नल मात्र चालू आहे. लाल होतो, हिरवा होतो, कुणासाठी ते त्यालाही माहीत नसावं. मधोमध भावोजी उभे राहून वाहतूक सांभाळायचे तो चौथरा आहे. त्यावर काल दुपारी एक कुत्रा अंग ताणून झोपला होता. भावोजी असते तर त्याला हाकलला नसता, त्याच्याभोवतीने गाड्या वळवल्या असत्या.

गच्चीवरून डोंगर दिसतात. मी आधी ढग समजलो. अकरा वर्षं त्या गच्चीवर जातोय आणि तिकडे डोंगर आहेत हे मला माहीत नव्हतं. घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, सुंठीवाचून शहराचा खोकला गेला म्हणायचा, आणि लगेच तिने जीभ चावली. समोरच्या घरातल्या शिंप्याला मागच्याच आठवड्यात खोकल्याने नेलं. त्याच्या बायकोला दारातून बघू दिलं, जवळ जाऊ दिलं नाही. त्यामुळे हवा छान झाली असं कुणी म्हटलं की मी गप्प बसतो.

शिडी चढताना तुझी आठवण आली. लहानपणी झाडावर तू चढायचीस आणि मी खाली उभा राहायचो, तू पडलीस तर झेलायला. तू कधी पडली नाहीस, म्हणून माझी अब्रू राहिली.

कामाचं बाकी काही विशेष नाही. भाचीला आशीर्वाद.

तुझा
ठोंब्या


१३ एप्रिल

ताई,

कामाचं काही विशेष नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं ते खरं नव्हतं. विशेष आहे.

गुरुवारी सकाळी आठला मी यंत्रात नवा कागद घातला. कागद म्हणजे वहीच्या पानाएवढा, पांढराशुभ्र, काचेच्या धाग्यांचा. यंत्र आठ तास त्यातून हवा ओढतं आणि धूळ कागदावर बसते. कोरा असताना कागद प्रयोगशाळेत तोलायचा, भरल्यावर पुन्हा तोलायचा. वजन वाढलं ती धूळ. प्रयोगशाळेत हे सगळं आमच्या वजनवाल्या बाई करतात. श्वासाने काटा हलेल म्हणून त्या तोंडाला रुमाल बांधायच्या तेव्हा आम्ही त्यांची चेष्टा करायचो. आता सगळेच बांधतात.

दुपारी चारला वर गेलो, पेटी उघडली. कागद जवळजवळ कोरा होता. मला वाटलं, मी सकाळी यंत्र सुरूच केलं नाही. म्हातारपण आलं. पण मोटर चालू होती, हाताला गरम लागत होती. कडेला जिथे चौकट कागद दाबून धरते, तिथल्या पांढऱ्यापेक्षा मधला भाग जरासा राखी, एवढाच फरक. या चौकातला कागद चार वाजता काढला की बोटं काळी व्हायची. पेटीशेजारी मी कायम एक फडकं ठेवायचो. त्या दिवशी फडकं लागलं नाही.

तिथे भावोजींचा आवाज कानात आला. सकाळी मी यायचो तेव्हा गाड्या थांबवून ते दोन मिनिटं येऊन शिडी धरायचे. म्हणायचे, 'मेव्हणे पडले तर घरी तोंड कसं दाखवू?' मी भरलेला कागद घेऊन उतरलो की तो बघायचे आणि विचारायचे, 'तुझ्या यंत्राला आठ तासांनी नवा कागद मिळतो. माझा कधी बदलणार?' मी हसायचो. दर वेळी तोच विनोद आणि दर वेळी मी हसायचो. मग खिशातल्या डबीतून पुदिन्याची एक गोळी मला द्यायचे, एक आपल्या तोंडात टाकायचे. घसा सोलून निघतो म्हणायचे, गोळीने जरा बरं वाटतं.

ती डबी तुला माहीत आहे.

तुझ्याकडे येणं मी बंद केलं तेव्हा गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. गुडघा ठीक आहे. आठवड्यातून दोनदा शिडी चढणाऱ्या माणसाला बसच्या दोन पायऱ्या चढवत नाहीत, हे तुला पटलं नसणारच. तुला वाटलं असेल, भावोजींबद्दल ते सगळं निघालं म्हणून भाऊ तुटला, त्याला लाज वाटली. लाज वाटली हे खरं आहे.

आमच्या मॅडमना एक तक्ता हवाय. गेल्या पाच वर्षांतला एप्रिल आणि हा एप्रिल, चौकाचौकाची तुलना. वर्तमानपत्रवाले मागे लागलेत. माझ्या चौकाचा तक्ता मीच करायचा आहे. दोन दिवस तो पुढे घेऊन बसलोय. यापुढे आज लिहवत नाही.

ठोंब्या


२१ एप्रिल

ताई,

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. बसून वाच. भाची जवळ असेल तर तिलाही वाचायला दे.

आमच्या फॉर्मवर दोन रकाने असतात. पहिल्यात लिहायचं, सुरू केलं तेव्हा यंत्र मिनिटाला किती हवा ओढत होतं. दुसऱ्यात, बंद करताना किती ओढत होतं. कागद धुळीने भरत जातो तशी हवा कमी ओढली जाते. गाळणीत चोथा साठला की चहा थेंब थेंब पडतो, तसंच. दोन आकड्यांची सरासरी काढून, आठ तासांत एकूण इतकी हवा गेली असं धरायचं, आणि कागदावरची धूळ त्या हवेत वाटायची. जो येतो तो त्या दिवसाचा आकडा.

अकरा वर्षं मी दुसरा रकाना खाली सावलीत बसून भरला. पहिल्यातला आकडा उचलायचा आणि दुसऱ्यात ठेवायचा. १.२, १.२. खरा दुसरा आकडा त्या चौकात कधी ०.८ असायचा, कधी ०.७. मी तो बघितलेला असायचा. कागद काढताना यंत्राच्या काट्याकडे नजर जातेच.

सुरुवातीचे सहा महिने मी खरं लिहिलं होतं, तेवढं माझ्या बाजूने धर. पण फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात एक नियम आहे. दोन आकड्यांत फार फरक असेल तर यंत्र बिघडलंय असं समजून नमुना बाद करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचा. त्या चौकात रोजच फार फरक असायचा. एका महिन्यात माझे नऊ नमुने बाद झाले. तेव्हाच्या साहेबांनी बोलावून विचारलं, यंत्र चालवता येत नाही का तुम्हाला. मग ज्यांनी मला काम शिकवलं ते म्हणाले, अरे, दुसरा रकाना कोण वाचतंय? खरंच कुणी वाचत नव्हतं. दोन्ही सारखे लिहिले आणि एकही नमुना परत आला नाही. पुढच्या वर्षी चोख कामाबद्दल माझं कौतुक झालं.

याने काय झालं ते सांगतो. यंत्राने हवा ओढली थोडी, मी लिहिली जास्त. चमचाभर साखर एका कपात घातली आणि दोन कपांत घातली असं लिहून ठेवलं, तर चहा अगोड होता असंच कागद सांगणार. हवा जितकी घाण, कागद तितक्या लवकर भरणार, आणि माझं खोटं तितकं मोठं होणार. बऱ्या दिवशी मी जवळजवळ सज्जन असायचो, वाईट दिवशी पक्का चोर. वजनवाल्या बाईंनी एकदा हसत विचारलंही होतं, तुमच्या चौकाचा कागद एवढा काळा आणि आकडा एवढा गोरा कसा हो? मी म्हटलं, चौकाची कृपा. त्याही हसल्या.

आमच्या नियमात धुळीच्या आकड्याची मर्यादा दोनशेची. भावोजींचं मरण कामामुळे आलं का हे ठरवणाऱ्या मंडळाने त्या चौकाची हवा कशी होती असं आमच्या ऑफिसला विचारलं, तेव्हा उत्तर गेलं ते सरासरी १८६ असं. तो आकडा माझा. दुसरा रकाना खरा भरला असता तर तो २३०च्या पुढे गेला असता. परवा कागद-पेन्सिल घेऊन काढलं. खरं म्हणजे इतक्या वर्षांत कधी काढून बघितलं नाही, कारण किती येईल याचा अंदाज होता.

मंडळाचा निकाल तुला पाठ असेल. मलाही आहे. 'चौकातील हवा मर्यादेत असल्याचे नोंदींवरून दिसते. आजार कामामुळे आलेला नाही. धूम्रपानाची शक्यता नाकारता येत नाही.' कामापायी गेलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव लागावं, एवढंच तू मागितलं होतंस. नाव लागलं नाहीच, वर ज्या माणसाने जन्मात विडी हातात धरली नाही त्याच्या नावापुढे हे लागलं.

निकाल आला त्या दिवशी मी तुझ्या स्वयंपाकघरात होतो. तू कागद दोनदा वाचलास, घडी घातलीस आणि मला विचारलंस, 'ठोंब्या, तुझे आकडे खरे आहेत ना?'

मी म्हणालो, 'खरे आहेत.'

त्या क्षणी दुसरा रकाना माझ्या डोक्यातच आला नाही, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलोय. आला होता, ताई. अगदी लख्ख आला होता.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. तुझा भाऊ खोटं बोलणार नाही, म्हणजे मग नवरा खोटं बोलला असणार. तू ती पुदिन्याची डबी ओट्यावर ठेवलीस आणि म्हणालीस, तरीच. तोंडाचा वास मारायला गोळ्या. रुमाल काळे. घरात पाऊल टाकलं की आधी न्हाणीघर, पोर पायाला बिलगायला यायची तर तिला लांबूनच थांब म्हणायचे, अंघोळ झाल्याशिवाय तिला हात लावायचे नाहीत. बावीस वर्षं मला फसवलं, असं म्हणालीस. मग उठलीस, भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवायला स्टुलावर चढलीस. स्टूल डुगडुगत होतं. मी ते धरलं.

ते आधी अंघोळ का करायचे ते मला माहीत होतं. त्यांनीच मला सांगितलं होतं, शिडीपाशी उभं राहून. 'चौकातलं चौकात राहिलेलं बरं. पोरीच्या नाकात कशाला?' एवढं वाक्य मी त्या दिवशी बोललो असतो तरी तू फोटो उतरवला नसतास. पण ते बोललो असतो तर तू पुढे विचारलं असतंस, मग हवा एवढी वाईट होती तर तुझे आकडे असे कसे. म्हणून मूग गिळून बसलो. त्यानंतर तुझ्या घरातल्या त्या मोकळ्या खिळ्याकडे मला बघवेना. गुडघ्याचं दुखणं तिथून सुरू झालं.

आणि आता हे का लिहितोय तर त्या गुरुवारी चार वाजता मी काटा बघितला तेव्हा तो १.२ वर होता. सकाळी १.२, दुपारी १.२. कागद भरलाच नव्हता. अकरा वर्षं जे खोटं लिहीत होतो ते त्या दिवशी पहिल्यांदा खरं झालं. मी पेन हातात धरून उभा राहिलो, आणि मला ते लिहवेना.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. पण भावोजी सिगारेट ओढत नव्हते. एवढं आधी मनात पक्कं कर, मग माझ्याबद्दल काय ठरवायचं ते ठरव.

ठोंब्या


९ मे

ताई,

तुझं उत्तर नाही, आणि यावं अशी माझी अपेक्षाही नाही. भाचीचा मेसेज आला. 'मामा, आई पत्रं वाचते आणि ट्रंकेत ठेवते. काही बोलत नाही. तूही मला सध्या फोन करू नकोस.' बरोबर आहे तिचं. तिला बापाने लांबूनच थांबवलेलं आठवत असणार, आणि ते का हे तिला आता कळलं.

मी मॅडमना सांगितलं. स्वतःहून सांगितलं असं लिहायचा मोह होतोय, पण अर्धंच खरं आहे. त्यांनी सगळ्या चौकांचे तक्ते समोर मांडले आणि म्हणाल्या, बाकीच्या चौकांतली धूळ पाव हिश्शावर आली, तुमचीच तिसऱ्या हिश्शावर का थांबली? माझे पूर्वीचे आकडे मुळात छोटे, तर उतार मोठा दिसणार कुठून? यंत्र जुनं झालंय, एवढं म्हटलं असतं तर त्या पुढे गेल्या असत्या. त्यांना संध्याकाळी तक्ता पाठवायचा होता. माझ्या ओठांवर ते वाक्य आलंही होतं. मग मी त्यांना रकाने दाखवले. एका वर्षाची फाईल, दुसऱ्या वर्षाची, तिसऱ्या वर्षाची. १.२, १.२. १.२, १.२.

त्या बराच वेळ पानं उलटत होत्या. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'हे आकडे आणखी कुठे कुठे गेलेत?' मी म्हटलं, एक ठिकाण मला माहीत आहे. तुझं सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मला तुझ्या बघण्यापेक्षा सोपं गेलं, म्हणून मला स्वतःचाच राग आला.

चौकशी बसलीये. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, ती दप्तरात फायली लावत जातील किंवा तीही जाणार नाहीत. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बैल गेला आणि झोपा केलात. मी म्हटलं, हो. मग तिने चहा दिला.

पण एक काम मी मागून घेतलंय. वजनवाल्या बाईंनी सगळे जुने कागद पाकिटांत घालून तारखेने लावून ठेवलेत, अकरा वर्षांचे, दोन कपाटं भरून. एक तुकडा कापून तपासणीला गेला तरी उरलेला कागद त्या टाकत नाहीत. नियम पाच वर्षांचा आहे, त्यांचा जीव पाचावर भागला नाही. प्रत्येक कागदावर किती धूळ बसली ते वजन खरं आहे, त्यात मी कधी हात घातला नाही. आता एवढंच शोधायचं की या यंत्रात अमुक धूळ बसली की काटा किती उतरतो. ते कळलं की जुने सगळे दुसरे रकाने पुन्हा भरता येतील.

पण त्यासाठी धूळ हवी. सध्या चौकात धूळच नाही. त्यामुळे सगळं शहर खिडक्या उघडून स्वच्छ हवा घेतंय आणि मी एकटा गच्चीवर उभा राहून गाड्यांची वाट बघतोय. धूर परत यावा म्हणून देवाला साकडं घालणारा माणूस या शहरात दुसरा सापडणार नाही.

ठोंब्या


२७ जून

ताई,

गाड्या परत आल्या. पहिल्या आठवड्यात थोड्या, मग एकदम सगळ्या. डोंगर आधी फिके झाले आणि एका मंगळवारी दिसेनासे झाले.

एकवीस दिवस मी सकाळी आठ ते दुपारी चार गच्चीवर होतो. दर तासाला काटा बघायचा आणि लिहायचा. बरोबर दुसरा माणूस सही करायला असायचा, कारण माझ्या एकट्याच्या सहीला आता किंमत नाही, आणि ते योग्यच आहे. शेवटच्या आठवड्यातला एक दिवस तुला लिहून पाठवतो. आठला १.२. दहाला १.१. बाराला ०.९५. दोनला ०.८. चारला ०.७. फडकं पुन्हा लागायला लागलं.

वजनवाल्या बाईंनी जुनी पाकिटं काढली. हिशोब मॅडमनी स्वतः केला आणि दुसऱ्या शहरातल्या जाणकारांकडून तपासून घेतला. चौकाची त्या वर्षांची सरासरी २३३ निघाली. मंडळाला ऑफिसचं पत्र गेलंय की आधी दिलेला आकडा चुकीचा होता, तो कुणाच्या हातून चुकला आणि कसा. माझं नाव आहे त्यात. प्रत सोबत जोडतोय. मंडळ निकाल बदलेल की नाही हे मला सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतील, नुसत्या आकड्याने आजार सिद्ध होत नाही. म्हणोत. पण हवा चांगली होती म्हणून माणूस वाईट, हे आता कुणाला म्हणता येणार नाही.

पत्रासोबत एक फोटोही आहे. डावीकडे चार वर्षांपूर्वीच्या अकरा जानेवारीचा कागद, भावोजींचा चौकातला शेवटचा दिवस. त्या दिवशी कागद बदलायला मीच गेलो होतो. ते शिडीला टेकून उभे होते, म्हणजे शिडी त्यांनी धरली होती की शिडीने त्यांना, ते सांगता येणार नाही. त्यांनी नेहमीचा विनोद केला नाही. उजवीकडे या नऊ एप्रिलचा, गुरुवारचा. मूळ कागद ऑफिसबाहेर नेता येत नाहीत. बाईंनी खिडकीपाशी दोन्ही शेजारी ठेवले आणि मला फोटो काढू दिला. कडेला जे बोट दिसतंय ते माझं. काढायचं राहिलं, नंतर म्हटलं राहू दे.

ठोंब्या


१९ जुलै

ताई,

तुझं कार्ड काल आलं. तीन वर्षांत तुझं अक्षर जरा तिरकं झालंय. मी ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग हिला वाचून दाखवलं. तू लिहिलंयस, 'तुला माफ करायचं की नाही ते मागाहून बघू. त्यांची माफी कुठे मागू, तेवढं सांग.'

आठवडाभर विचार केला असता तरी याचं शहाणं उत्तर मला सुचलं नसतं. त्यांची माफी तुला मागायची वेळ आली ती माझ्यामुळे, तेव्हा तुझ्या वाटची मीच मागायला हवी होती. पण तशी ती उसनी मागता येत नाही, हे कळतंय. त्यांचा फोटो पुन्हा त्या खिळ्यावर लावलास की नाही, हे मी विचारणार नाही.

मला एवढंच सुचतं. बसगाड्या सुरू झाल्यात. इकडे ये. भाचीला घेऊन ये. मला आता त्या गच्चीवर कामाला जायची मनाई आहे, माझ्या जागी दुसऱ्या चौकातला माणूस आलाय आणि तो दोन्ही रकाने वर उभा राहून भरतो. पण वाचनालयाचे ग्रंथपाल ओळखीचे आहेत. रविवारी सकाळी चावी देतो म्हणालेत. तिथून त्यांचा चौथरा सरळ खाली दिसतो. बावीस वर्षं ते जिथे उभे होते ती जागा तू कधी वरून बघितलेली नाहीस. चौकाच्या अंगाला तू कधी फिरकलीच नाहीस, त्यांनीच येऊ दिलं नाही, पोरीला घेऊन त्या धुरात नको म्हणायचे. त्यांच्याशी जे बोलायचं ते तिथे बोल. रविवारी गर्दी कमी असते, ऐकू जाईल.

येताना ती पुदिन्याची डबी टाकली नसशील तर घेऊन ये.

शिडी अजून हलते. तुझं वय त्रेसष्ट आहे हे मला माहीत आहे, आणि तू ती चढशील हेही माहीत आहे. मी वर येणार नाही. त्या दिवशी तू फोटो उतरवलास तेव्हा स्टूल मी धरलं होतं. या वेळी तू वर जा, शिडी मी धरतो.

ठोंब्या